उन्हाचे काम उन्हाला, टीसीएलचे काम टीसीएलला

दर काही महिन्यांनी वर्तमानपत्रांत एक बातमी येते. कुठल्या तरी प्रयोगशाळेत एक नवी पावडर तयार झालेली असते. ती दूषित पाण्यात टाकायची, पाणी उन्हात ठेवायचे, की तास-दोन तासांत पाणी नितळ. शेजारी दोन चंबूंचे छायाचित्र असते. एकात गडद निळे पाणी, दुसऱ्यात काचेसारखे स्वच्छ. शेवटच्या ओळीत ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आता सुटणार, असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला बरे वाटते. ऊन फुकटचे, पावडर थोडीशी, मग अडले कुठे?

त्यामागचे विज्ञान खोटे नाही. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यावर काम चालू आहे आणि त्यातून उपयोगी गोष्टी निघाल्या आहेत. अडते ते हे तंत्र कुठे आणि कधी वापरायचे याच्या निवडीत. ही निवड चुकली तर चांगले तंत्र बदनाम होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या भरवशावर राहून जुना, खात्रीचा उपाय ढिला पडतो. पाण्याच्या बाबतीत त्या ढिलाईची किंमत माणसे आजारी पडून मोजतात. ही निवड कशी करावी हे समजून घ्यायला महाबळेश्वर हे फार चांगले उदाहरण आहे.

डोंगरावरचे दोन ऋतू

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी भाविक ओंजळीत घेतात, बाटलीत भरून घरी नेतात. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानला जातो. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. कृष्णा धोम धरणातून वाईला येते. वेण्णा कण्हेर धरणातून पुढे जाऊन माहुलीला कृष्णेला मिळते. कऱ्हाडला कोयना येऊन मिळते आणि मग हे सगळे पाणी सांगलीकडे जाते. वाटेत धरणांमध्ये पाणी वाढते, त्यातले दूषित घटक विरळ होतात, हे खरे. पण डोंगरावरच्या वाड्या-वस्त्या उगमाचेच पाणी पितात. त्यांच्यासाठी विरळ करणारे धरण मध्ये नसते.

महाबळेश्वरच्या पठाराचा वरचा थर जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या काळ्या खडकावर अडतो आणि कड्याच्या बाजूने झरा होऊन बाहेर पडतो. झऱ्याचे पाणी दिसायला सुरेख असते, चवीला गोड असते. मात्र जांभ्याच्या भेगा आणि छिद्रांतून वेगाने आलेले पाणी मातीच्या जाड थरातून सावकाश गाळून आलेल्या पाण्याइतके शुद्ध नसते. पठारावर जे सांडले, ते झऱ्यात उतरायला फार वेळ लागत नाही.

आता इथले वर्ष पाहू. जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घरांच्या भिंतींना गवताचे नाही तर प्लास्टिकचे आडोसे बांधतात. धुके खिडकीतून घरात शिरते. सलग कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. शेणखत, उघड्यावरची घाण, शौचालयांचे पाझर, सगळे या पाण्याबरोबर वाहते. जुलाब, विषमज्वर, कावीळ यांची भीती सर्वांत जास्त असते ती याच दिवसांत.

पाऊस ओसरला की दुसरा ऋतू सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्ट्रॉबेरीची लागवड होते आणि थंडी पडू लागली की फळ यायला लागते, ते उन्हाळ्यापर्यंत चालते. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा या परिसरातून येतो. हे पीक नाजूक आहे. त्यावर लाल कोळी येतो, फुलकिडे येतात, भुरी येते, फळावर करडी बुरशी येते. त्यामुळे फवारणीही होते. फवारणीनंतर पंप धुतला जातो, रिकाम्या बाटल्या विसळल्या जातात आणि ते पाणी कुठे तरी जाते. हे सगळे घडते ते लख्ख उन्हाच्या दिवसांत.

म्हणजे जंतूंचा मोठा धोका येतो तेव्हा ऊन नसते, आणि रसायनांचा धोका येतो तेव्हा ऊन भरपूर असते. उन्हावर चालणारे कोणतेही तंत्र या डोंगरावर कशासाठी वापरावे, याचे उत्तर इथल्या निसर्गानेच देऊन ठेवले आहे.

ही पावडर करते काय?

या तंत्राला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसा. प्रकाश-उत्प्रेरक हे काम उजेड पडला तरच करतो.

त्यातला सर्वांत अभ्यासलेला पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ही पांढरी पावडर घरोघरी पोचलेली आहे. भिंतीच्या रंगात, उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमात, औषधाच्या गोळ्यांच्या पांढऱ्या आवरणात ती असते. जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले की, टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकला तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊ शकते. काही वर्षांतच, १९७७ मध्ये, याच पदार्थाच्या साहाय्याने पाण्यातले सायनाइड नष्ट करता येते, हे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. १९८५ मध्ये जपानी संशोधकांनी त्याने जंतू मारून दाखवले.

प्रकाशाचा पुरेशा ताकदीचा किरण या पावडरीच्या कणावर पडला की कणातला एक इलेक्ट्रॉन जागेवरून उठतो. त्याची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा कुठून तरी इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला टपलेली असते. ती पाण्याकडून तो घेते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय आक्रमक घटक तयार होतो. ऑक्सिडीकरणाच्या बाबतीत त्याची ताकद क्लोरिनच्या साधारण दुप्पट असते. समोर येईल तो सेंद्रिय रेणू तो तोडतो. रंग असो, कीटकनाशक असो, प्रतिजैविक औषध असो की जंतूचे आवरण असो. क्रिया पूर्ण झाली तर उरतात कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार.

या ताकदीला तीन मर्यादा आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली, हा मूलक सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरताच जगतो. तो कणाच्या पृष्ठभागापाशीच काम करतो, नळातून पुढे पाण्याबरोबर जात नाही. दुसरी, टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागतात. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. तिसरी, पाणी गढूळ असेल तर किरण आत शिरत नाहीत. शिवाय पाण्यातले बायकार्बोनेट आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे अंश हे मूलक मध्येच खाऊन टाकतात.

दुसऱ्या मर्यादेवर जगभर काम चालू आहे. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून दिसणाऱ्या प्रकाशातही ते काम करते, हे दाखवले. त्यानंतर बिस्मथ व्हॅनाडेट, कार्बन नायट्राइड असे अनेक पदार्थ पुढे आले. महाराष्ट्रही यात मागे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात काचेवर अशा पदार्थांचे पातळ थर चढवून त्यांच्या साहाय्याने पाण्यातली प्रदूषके तोडण्याचे काम बरीच वर्षे झाले आहे. म्हणजे कृष्णाकाठाला याची जाण असलेली माणसे दूर शोधायला नकोत.

पावसात टीसीएलच

आता पहिला प्रश्न. पिण्याच्या पाण्यातले जंतू मारण्यासाठी हे तंत्र ब्लीचिंग पावडरची, म्हणजे गावागावांत जिला टीसीएल म्हणतात तिची, जागा घेऊ शकेल का?

महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरी गावांपुरते उत्तर स्पष्ट आहे. नाही. जुलैतल्या धुक्यात अतिनील किरण फार थोडे असतात. पाणी गढूळ असते. विजेच्या दिव्याने हे किरण देता येतात, पण पावसाळ्यात डोंगरी गावातली वीज किती वेळा जाते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

दुसरे कारण याहून मोठे आहे. क्लोरिन पाण्यात थोडा शिल्लक राहतो आणि टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पहारा देतो. मध्येच पाइप फुटून गटाराचे पाणी आत शिरले तर हा शिल्लक क्लोरिन काही प्रमाणात तरी सामना करतो. म्हणूनच भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन शिल्लक असावा, आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा तो ०.५ असावा, असे म्हटले आहे. प्रकाश-उत्प्रेरकातून आलेल्या पाण्यात असा पहारेकरी नसतो. टाकीत शुद्ध झालेले पाणी पुढच्या फुटक्या जोडावर पुन्हा दूषित होते.

ही भीती पुस्तकातली नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस 'ई'च्या विषाणूची ती साथ होती आणि तिने बळी घेतले. गरोदर स्त्रीला ही कावीळ झाली तर तिच्या जिवाला धोका फार वाढतो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाऊन काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले आणि पाण्यातला क्लोरिन पुन्हा चर्चेत आला. यातली एकही साथ भर पावसाळ्यातली नव्हती. म्हणजे पहारेकरी बाराही महिने लागतो, पावसात तर लागतोच.

उलट टीसीएलचे जे खरे दुखणे आहे, त्याकडे कुणी फारसे पाहत नाही. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो. ओल लागली, ऊन लागले, पोते उघडे राहिले की तो उडून जातो. ज्या तालुक्यात जूनपासून कपडे वाळत नाहीत, तिथे ग्रामपंचायतीच्या खोलीत अर्धवट बांधलेल्या पोत्यातल्या पावडरीत ऑगस्टपर्यंत काय उरत असेल? जलसुरक्षक नेमाने पावडर टाकतो, वहीत नोंद होते, पण पाण्यात क्लोरिन उतरत नाही. तो उतरला की नाही हे कळायला अर्ध्या तासाने करायची साधी ओ.टी. चाचणी आहे. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन आहे. ती टाकीपाशी न करता गावाच्या शेवटच्या नळापाशी केली पाहिजे. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा, थोडा थोडा साठा आणि शेवटच्या नळावरची चाचणी. पावसाळ्यातल्या पाण्यासाठी एवढ्या गोष्टी नीट झाल्या तर कुठल्याही नव्या पावडरीपेक्षा जास्त माणसे आजारातून वाचतील.

उन्हाने जंतू मारण्याचा एक साधा मार्गही आहे आणि त्याला पावडर लागत नाही. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या एक-दोन लिटरच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवली की बहुतेक जंतू मरतात. आभाळ ढगाळ असेल तर दोन दिवस लागतात, आणि सतत पाऊस असेल तर ही पद्धत वापरू नये, असे तिच्या सूचनांतच असते. दुष्काळी आटपाडी-जतच्या वस्तीवर मार्च-एप्रिलमध्ये ती अडीनडीला उपयोगी पडेल. महाबळेश्वरच्या पावसात तीही नाही.

क्लोरिनला जमत नाही ते काम

मग प्रकाश-उत्प्रेरक महाबळेश्वरसाठी निरुपयोगी आहे का? नाही. त्याचे काम दुसरे आहे.

शेतकरी फवाऱ्याच्या विषाला 'औषध' म्हणतो. ते पाण्यात उतरले तर उकळून जात नाही. क्लोरिनने ते नाहीसे होत नाही. काही वेळा तर उलट होते. क्लोरपायरीफॉससारख्या काही कीटकनाशकांवर क्लोरिनची क्रिया झाली की 'ऑक्सॉन' नावाचे रूप तयार होते आणि ते मज्जासंस्थेवर मूळ रसायनापेक्षा अधिक जोराने काम करते. सक्रिय कोळशाच्या गाळणीत अशी रसायने अडकतात, पण ती नष्ट होत नाहीत. वापरलेला कोळसा पुन्हा कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. रेणू तोडण्याची ताकद आहे ती हायड्रॉक्सिल मूलकात.

स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा भाग आहे. तिथे हजारो हेक्टरवर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली भाजीपाला पिकतो. कीटकनाशकांचे रिकामे डबे पुनर्वापरासाठी गोळा करून धुतले की ते धुवण पुन्हा विषारीच. हे पाणी उन्हाच्या साहाय्याने शुद्ध करण्यासाठी तिथे २००४ च्या सुमारास सुमारे १५० चौरस मीटर आरशांचा प्रकल्प उभा राहिला. त्यात टायटॅनियमऐवजी लोहाचा क्षार, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सूर्यप्रकाश यांची त्रयी वापरली, कारण ती अधिक वेगाने काम करते आणि उन्हाचा अधिक मोठा हिस्सा वापरते. तिथल्या लोकांनी नदी शुद्ध करायला घेतली नाही, गावाची टाकीही नाही. थोडे, पण फार विषारी पाणी एका जागी गोळा केले आणि ते वाहून जाण्याआधी गाठले. हा विचार महाबळेश्वरने उचलण्यासारखा आहे.

स्ट्रॉबेरीच्या गावांत फवारणीचे पंप आणि बाटल्या धुण्यासाठी झऱ्यापासून, ओढ्यापासून, विहिरीपासून दूर एक सामायिक जागा करता येईल. सिमेंटचा ओटा, त्याखाली बंद टाकी. हे पाणी डिसेंबर ते मे या उन्हाच्या महिन्यांत जमते. त्यातले काही गावांचे पाणी घेऊन विद्यापीठाच्या मदतीने उन्हावर चालणाऱ्या उत्प्रेरकाचा प्रयोग करून पाहता येईल. प्रयोग फसला तरी कुणाच्या पिण्याच्या पाण्याला धक्का लागत नाही. नवे तंत्र आधी अशाच ठिकाणी वापरून पाहावे.

इथे प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवे. याच कामासाठी स्वीडनमध्ये १९९३ पासून एक अगदी साधी रीत वापरली जाते. खड्ड्यात पेंढा, माती आणि कुजलेला सेंद्रिय भाग यांचे मिश्रण भरायचे आणि पंपाचे धुवण त्यात सोडायचे. मातीतले सूक्ष्मजीव बरीचशी कीटकनाशके हळूहळू पचवतात. पाऊस आत शिरणार नाही असे छप्पर आणि खालून पाझर होणार नाही असे अस्तर दिले तर तो खड्डा इथेही चालण्यासारखा आहे. उत्प्रेरकाचा प्रयोग करायचा तर तो या खड्ड्याशी तुलना करूनच करावा. महागडे तंत्र साध्या खड्ड्याला हरवू शकले तरच ते गावात आणावे.

हे कुणा शेतकऱ्यावर बोट ठेवण्यासाठी नाही. पंप धुवायला जागाच नसेल तर तो पाणी असेल तिथे धुणार. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा दिसले की या विषाची पहिली झळ फवारणाऱ्यालाच बसते. झऱ्याचे पाणी पिणारा आणि पंप पाठीला लावणारा बहुतेकदा एकाच घरातला असतो.

पण मुळात झऱ्यांच्या पाण्यात कीटकनाशके किती आहेत, हे तपासले पाहिजे. गावात पाणी तपासायचा जो संच असतो, तो क्लोरिन, नायट्रेट, फ्लोराइड, क्षारता अशा गोष्टी पाहतो. जंतूंसाठी वेगळी बाटली असते. ग्रामपंचायतीला पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण करून हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते, तेही स्रोताभोवतीची स्वच्छता आणि क्लोरिनेशन पाहून. कीटकनाशकांचा या कार्डाशी संबंध येत नाही. भारतीय मानकात मात्र कीटकनाशकांच्या स्वतंत्र मर्यादा दिलेल्या आहेत. स्ट्रॉबेरीच्या हंगामात एकदा आणि पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा निवडक झऱ्यांची तपासणी करून आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कदाचित ते अगदी समाधानकारक निघतील. तसे असेल तर ते कळणेही चांगलेच. २००१ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. संवेदनशील म्हणायचे तर पाण्याची नाडी अधूनमधून पाहायला हवी.

दवाखान्याचे सांडपाणी

डोंगर उतरून कृष्णेच्या काठाने सांगली-मिरजेपर्यंत गेले की या तंत्राची दुसरी योग्य जागा दिसते. मिरज हे रुग्णालयांचे गाव. महाराष्ट्राबरोबर उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. जिथे रुग्ण, तिथे प्रतिजैविके. दिलेल्या औषधाचा मोठा भाग अनेकदा शरीरातून न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो आणि गटारात जातो. तिथे तो अगदी थोड्या प्रमाणात जंतूंच्या सहवासात राहतो. औषध मारण्याइतके नाही, पण जंतूंना सराव देण्याइतके असते. औषधांना दाद न देणारे जंतू वॉर्डात तयार होतात, तसे वॉर्डाबाहेरच्या या पाण्यातही वाढू शकतात. मग साध्या लघवीच्या जंतुसंसर्गालाही महागडे इंजेक्शन लागते, आणि त्याची झळ पोचते ती सरकारी दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाने आपले सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचे आहे. त्यासाठी आम्लता, गाळ, तेल, प्राणवायूची मागणी यांच्या मर्यादा आहेत. एवढेच काय, त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशीही अट आहे. पण प्रतिजैविकांच्या अवशेषांसाठी मर्यादा नाही. मासा जगला म्हणजे पाणी सुटले. नेहमीचे जैविक शुद्धीकरण यातली काही औषधे काढते, काही तशीच पुढे जातात. शुद्धीकरणाच्या अगदी शेवटी, पाणी बरेच नितळ झाल्यावर, प्रकाश-उत्प्रेरकाचा टप्पा जोडला तर हे उरलेले अवशेष तोडता येतात, हे प्रयोगशाळांत पुरेसे दिसले आहे. सांगली-मिरजेकडे उन्हाचे दिवस भरपूर आहेत. रुग्णालयाकडे वीज आणि तंत्रज्ञ असतात, पाणी एका जागी जमते आणि ते कुणी पिणार नसते. चाचणीसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. समाजाला पाणी उकळून प्या असे सांगणाऱ्या रुग्णालयांनी आधी स्वतःच्या सांडपाण्यापासून सुरुवात करावी, हे न्यायाचेही आहे.

मात्र तंत्राचा क्रम उलटा करू नये. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. त्यावर उत्प्रेरक हे उत्तर नाही. तिथे हवे ते नेहमीचे सांडपाणी शुद्धीकरण, पूर्ण क्षमतेने आणि रोज चालणारे. गढूळ, मळीच्या किंवा मैल्याच्या पाण्यात प्रकाश शिरतच नाही.

पावडर घेण्याआधी

उद्या एखादा विक्रेता ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा हॉटेलात उन्हाने पाणी शुद्ध करणारे यंत्र घेऊन आला तर काय विचारावे?

पहिले, तुम्ही कशावर चाचणी घेतली? बातमीतल्या छायाचित्रातला निळा रंग बहुधा मिथिलीन ब्लूचा असतो. डॉक्टरांना हे द्रव्य ओळखीचे आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये एक विशिष्ट बिघाड झाला की ते औषध म्हणून शिरेतून देतात. प्रयोगासाठी ते सोयीचे आहे, पण शुद्ध पाण्यात विरघळवलेला रंग गेला म्हणून झऱ्याच्या पाण्यातले कीटकनाशक गेले, असे होत नाही. रंग जाणे म्हणजे रेणूचा एक भाग तुटणे. उरलेले तुकडे पाण्यातच असू शकतात आणि कधी ते मूळ रेणूपेक्षा त्रासदायक असतात.

म्हणून दुसरा प्रश्न, पाण्यात शेवटी एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, आणि त्या पाण्याची विषारीपणाची चाचणी झाली का? तिसरा, ढगाळ दिवशी किती वेळ लागतो? चौथा, पावडर पाण्यातून परत कशी काढता? टायटॅनियम डायऑक्साइडचे कण फार बारीक असतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत ते रंगासाठी वापरायला बंदी घातली. रुग्णाला घाबरवण्यासारखे त्यात काही नाही, पण पिण्याच्या पाण्यात ते मुद्दाम सोडून देण्यासारखेही नाही. कण काचेवर किंवा जाळीवर पक्के बसवलेले असावेत. पाचवा प्रश्न, शुद्ध झाल्यावर पाण्यात क्लोरिन कोण घालणार?

या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर जरूर पुढे जावे. उत्तराऐवजी दोन चंबूंचे छायाचित्र पुढे आले, तर चहा देऊन निरोप द्यावा.

नव्या तंत्राबद्दल आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर ते सगळे प्रश्न सोडवणार म्हणून डोक्यावर घ्यायचे, नाही तर सगळे कागदावरचे म्हणून झटकून टाकायचे. वैद्यकात असे चालत नाही. एखादे औषध कितीही चांगले असले तरी ते कोणत्या रुग्णाला, कोणत्या आजारात आणि किती द्यायचे, हे ठरल्याशिवाय ते चिठ्ठीवर लिहिले जात नाही. पाण्यालाही तोच नियम लावावा. पंपाच्या धुवणाला आणि दवाखान्याच्या शेवटच्या टाकीला ऊन आणि उत्प्रेरक वापरून पाहावा. गावाच्या टाकीत मात्र, धुके असो वा ऊन, टीसीएल पडलेच पाहिजे आणि शेवटच्या नळाचे पाणी चाचणीत पिवळे झालेच पाहिजे.